चार्ल्सटनचा वसंत

वसंत ऋतू सर्वत्र एकाच वेषात येत नाही. आपल्याकडे पळस फुलतो, आम्रवृक्ष मोहरतो आणि चैत्राची चाहूल लागते. त्याच सुमारास, म्हणजे मार्चच्या अखेरीस व एप्रिलच्या आरंभी, अमेरिकेच्या दक्षिण भागात अझेलियाची झुडपे गुलाबी, पांढऱ्या व जांभळ्या फुलांनी अशी डवरतात, की त्यांची पाने दिसेनाशी होतात. हा सोहळा पाहण्यासाठी दूरदूरची माणसे मेळ्यामेळ्याने दक्षिण कॅरोलायना संस्थानातील चार्ल्सटन या जुन्या शहरी येतात. प्रत्येक मेळ्याबरोबर एक मार्गदर्शक असतो. प्रथम शहरातील गल्ल्या पायी हिंडावयाच्या, मग बंदर व बाजार पाहावयाचा आणि दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या उद्यानांत जावयाचे, असा क्रम असतो. आपणही आज अशाच एका मेळ्याबरोबर चार्ल्सटन पाहू.

अटलांटिक महासागराच्या किनाऱ्यावर ॲशली आणि कूपर या दोन नद्या एकमेकींजवळ येऊन समुद्राला मिळतात. त्यांच्या मधोमध जिभेसारखी जी सखल जमीन पुढे आली आहे, तिच्यावर हे शहर वसले आहे. इ. स. १६७० मध्ये इंग्रज वसाहतवाले प्रथम येथे आले, ते ॲशली नदीच्या पश्चिम तीरावर. दहा वर्षांनी, १६८० साली, त्यांनी आपली वस्ती सध्याच्या जागी हलविली. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या नावावरून तिला 'चार्ल्स टाउन' म्हणत. अमेरिका स्वतंत्र झाल्यावर १७८३ साली त्या नावाचे 'चार्ल्सटन' असे रूपांतर झाले.

जुन्या शहरात शिरताच घरांची एक गंमत लक्षात येते. पुष्कळ घरे रस्त्याकडे तोंड करून उभी नाहीत. ती जणू अंग चोरून, कूस वळवून उभी आहेत. घराची अरुंद बाजू रस्त्यावर आणि लांब बाजू आतल्या अंगणाकडे, अशी त्यांची मांडणी असते. या लांब बाजूला खालीवर मोठ्या पडव्या काढलेल्या असतात. रस्त्यावरचे दार उघडले, की आपण घरात न जाता प्रथम पडवीतच पाऊल टाकतो. या रचनेत मोठा शहाणपणा आहे. चार्ल्सटनचा उन्हाळा उष्ण व दमट असतो. पडव्या बहुधा दक्षिणेकडे किंवा पश्चिमेकडे असल्यामुळे समुद्रावरचा वारा घरात खेळतो आणि भिंतींवर सावली राहते. कोकणातल्या माणसाला पडवीचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

पूर्वेकडील बंदरालगतच्या रस्त्यावर तेरा घरांची एक ओळ आहे. ही मूळची अठराव्या शतकातील व्यापाऱ्यांची घरे. पुढे त्यांना अवकळा आली होती. परंतु १९३१ च्या सुमारास एका गृहिणीने आपले घर दुरुस्त करून त्याला फिकट गुलाबी रंग दिला. शेजाऱ्यांनी तिचे अनुकरण केले. आज कोणी निळे, कोणी पिवळे, कोणी हिरवे, अशी ही ओळ 'इंद्रधनुष्याची ओळ' म्हणून ओळखली जाते. त्याच १९३१ साली नगरपालिकेने जुन्या वस्तीचे रक्षण करणारा नियम केला. जुन्या घराचे बाह्य रूप कोणी मन मानेल तसे बदलू नये, असा त्याचा हेतू होता. अमेरिकेत असा नियम करणारे हे पहिलेच शहर होय. १९४७ पासून तर दर वसंतात काही खाजगी घरांची व बागांची दारे पाहुण्यांसाठी उघडली जाऊ लागली.

थोडे पुढे गेले, की सेंट मायकेलच्या देवालयाचा पांढराशुभ्र मनोरा दिसतो. हे देवालय १७६१ साली उघडले. त्याच्या आठ घंटांची कथा एखाद्या प्रवाशाच्या कथेसारखी आहे. त्या १७६४ साली लंडनमध्ये ओतविलेल्या. स्वातंत्र्ययुद्धाच्या शेवटी इंग्रजांनी जाताना त्या विलायतेस नेल्या. पण त्या परत आल्या. पुढे यादवी युद्धाच्या वेळी सुरक्षित राहाव्यात म्हणून त्या दुसऱ्या गावी हलविल्या, तो तेथेच १८६५ साली आग लागून त्या निकामी झाल्या. तेव्हा त्यांचे धातू पुन्हा लंडनला पाठवून, नव्याने ओतवून, त्या परत आणण्यात आल्या. एवढा समुद्रप्रवास फारच थोड्या घंटांच्या वाट्यास आला असेल!

काही घरांच्या भिंतींवर लोखंडाच्या गोल चकत्या बसविलेल्या दिसतात. त्या शोभेसाठी नाहीत. ३१ ऑगस्ट १८८६ च्या रात्री येथे मोठा भूकंप झाला व असंख्य भिंतींना तडे गेले. तेव्हा घराच्या एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत लोखंडी सळया आरपार घालून, बाहेरून या चकत्यांनी त्या आवळण्यात आल्या. अशा रीतीने शहराने आपली मोडकी घरे पाडण्याऐवजी सांधून घेतली.

एवढे दाखवून झाल्यावर कित्येक मार्गदर्शक आपल्या मेळ्यास एखाद्या जुन्या विटांच्या भिंतीपाशी थांबवितात आणि एका विटेवर बोट ठेवावयास सांगतात. विटेत चार-पाच लहान खळगे असतात. बोटे त्यांत नीट बसत नाहीत, कारण ते खळगे मोठ्या माणसाच्या बोटांहून लहान असतात. ते बोटांचेच ठसे आहेत. ओली वीट साच्यातून काढून उन्हात वाळत ठेवावयाची आणि मधूनमधून उलटावयाची, हे काम पुष्कळदा मुलांवर सोपविलेले असे. वीट उलटताना त्यांची बोटे ओल्या मातीत रुतत आणि भट्टीत भाजल्यावर तो ठसा कायमचा राही. ती मुले कोण होती? ती गुलामांची मुले होती. त्यांना या कामाचे वेतन नव्हते, शाळा नव्हती आणि आपल्या आईबापांपासून उद्या आपली ताटातूट होणार नाही, अशी शाश्वतीही नव्हती. त्यांतील बहुतेकांची नावे आपणांस ठाऊक नाहीत. ठसे मात्र उरले आहेत.

येथून चार्ल्सटनची खरी ओळख सुरू होते. हे शहर इतके संपन्न कसे झाले? या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर द्यावयाचे, तर ते 'तांदूळ' असे आहे. समुद्राजवळच्या दलदलीत सायप्रस वृक्षांची दाट राने होती. ती तोडून, मैलोगणती मातीचे बांध घालून, तेथे भाताची खाचरे करण्यात आली. या शेतीची युक्ती भरती-ओहोटीवर चाले. गोड पाणी खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असते. समुद्राला भरती आली, की ती नदीच्या गोड पाण्याला मागे रेटते व नदीची पातळी चढते. त्या वेळी बांधातील लाकडी दार उघडले, की गोडे पाणी खाचरात शिरे. ओहोटीच्या वेळी दुसरीकडचे दार उघडले, की ते निघून जाई. गोव्यातील खाजण शेतीत बांधांना 'मानस' नावाची लाकडी दारे असतात व तीही भरती-ओहोटीच्या बळावरच मिटतात आणि उघडतात. फरक एवढाच, की तेथे मुख्य काम खारे पाणी बाहेर ठेवण्याचे असते, तर कॅरोलायनात गोडे पाणी आत घेण्याचे होते.

ही विद्या इंग्रज जमीनदारांना कोठून येणार? त्यांच्या देशात भात पिकत नाही. पश्चिम आफ्रिकेतील गांबिया, सिएरा लिओन इत्यादी प्रदेशांतील लोक मात्र शतकानुशतके भात पिकवीत आले होते. त्यांना पकडून, साखळदंड घालून, जहाजांतून येथे आणले गेले. त्यांच्या श्रमाबरोबर त्यांचे ज्ञानही लुटले गेले. गुडघाभर चिखलात, डासांच्या व हिवतापाच्या संगतीत त्यांनी ही शेते उभी केली. १८६० च्या शिरगणतीत दक्षिण कॅरोलायनाची वस्ती सुमारे सात लक्ष होती आणि तींपैकी चार लक्षांहून अधिक माणसे गुलाम होती. भाताचे सोने जमीनदारांच्या वाड्यांत गेले. ते पिकविणाऱ्यांच्या वाट्यास झोपडी आली.

दुपारी मेळा बंदरावर येतो. उत्तर अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकी बंदिवानांपैकी सुमारे चार-दशांश लोक चार्ल्सटनच्या बंदरातून आले असावेत, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. गॅड्सडेनचा धक्का म्हणून जी जागा प्रसिद्ध होती, तेथे सहस्रावधी माणसे उतरविली गेली. १८०८ साली बाहेरून गुलाम आणणे कायद्याने बंद झाले, तरी देशातल्या देशात माणसांची खरेदी-विक्री चालूच राहिली. त्या धक्क्याच्या जागी २०२३ साली आफ्रिकी-अमेरिकी लोकांच्या इतिहासाचे एक मोठे संग्रहालय उघडण्यात आले. त्याची इमारत अठरा खांबांवर उंच उचललेली आहे; कारण खालची भूमी पवित्र मानून ती मोकळी ठेवावी, अशी त्यामागील भावना आहे. इमारतीखाली एक उथळ जलाशय आहे. त्याच्या तळाशी, जहाजात खेटून खेटून झोपविलेल्या माणसांच्या आकृती कोरल्या आहेत. पाणी त्यांच्यावरून हळूहळू येते व ओसरते. येथे आलेली माणसे नकळत हलक्या आवाजात बोलू लागतात.

बंदराच्या तोंडाशी एका बेटावर समटर किल्ला दिसतो. गुलामगिरी टिकावी म्हणून दक्षिणेतील संस्थाने देशातून फुटून निघाली आणि १२ एप्रिल १८६१ रोजी त्यांनी या किल्ल्यावर तोफा डागल्या. अमेरिकेच्या यादवी युद्धास येथे तोंड लागले. ते चार वर्षे चालले. १८६५ साली दक्षिणेचा पराभव झाला व देशभर गुलामगिरी नष्ट झाली.

या बंदराशी एका धाडसी पुरुषाचे नावही निगडित आहे. रॉबर्ट स्मॉल्स हा तेवीस वर्षांचा गुलाम 'प्लँटर' नावाच्या आगबोटीवर सुकाणू धरीत असे. १३ मे १८६२ रोजी पहाटेपूर्वी, बोटीवरचे गोरे अधिकारी किनाऱ्यावर गेले असता, त्याने आपल्या सोबत्यांसह बोट चालू केली. वाटेत थांबून त्याने आपली बायकोमुले व सोबत्यांचे कुटुंबीय बोटीवर घेतले. कप्तानाची गवती टोपी डोक्यावर घालून, कप्तानासारखाच उभा राहून, प्रत्येक किल्ल्यापाशी शिटीची ठरलेली खूण देत तो बंदराबाहेर पडला. तोफांच्या माऱ्यापलीकडे गेल्यावर त्याने पांढरे निशाण चढविले व बोट उत्तरेच्या आरमाराच्या स्वाधीन केली. पुढे हाच पुरुष अमेरिकेच्या लोकसभेचा सभासद झाला. ज्याला कायदा माणूस मानावयास तयार नव्हता, तोच कायदे करणाऱ्यांच्या पंक्तीस जाऊन बसला!

संध्याकाळी जुन्या बाजारात फेरी होते. तेथे बायका गवताच्या परड्या विणीत बसलेल्या असतात. खरे म्हणजे त्या परड्या विणीत नाहीत, शिवतात. समुद्रकाठच्या वाळूत उगवणाऱ्या एका सुवासिक गवताचा जुडगा करून त्याची वेटोळी घालावयाची आणि ताडाच्या जातीच्या एका झाडाच्या पात्यांनी ती एकमेकींस शिवावयाची, अशी ही कला आहे. तिच्यासाठी लागणारे हत्यार पुष्कळदा जुन्या चमच्याची दांडी घासून केलेले असते. ही कला आफ्रिकेतून आली. पूर्वी अशाच रुंद, उथळ परड्यांत उखळामध्ये कांडलेला तांदूळ पाखडीत. आपल्याकडे जे काम सुपाचे, ते तेथे परडीचे. या लोकांना 'गुल्ला' म्हणतात. इंग्रजी व अनेक आफ्रिकी भाषा यांच्या मिश्रणातून झालेली त्यांची स्वतःची बोली आहे. भाताची ती शेते विसाव्या शतकाच्या आरंभी नामशेष झाली. परंतु परडी राहिली. आईने मुलीस व मुलीने नातीस शिकविल्यामुळे ती राहिली. २००६ साली दक्षिण कॅरोलायनाने या कलेस आपल्या संस्थानाची हस्तकला म्हणून मान दिला. आता समुद्रकाठी वस्ती वाढल्यामुळे ते गवत दुर्मिळ होत चालले आहे, ही मात्र चिंतेची गोष्ट आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ॲशली नदीच्या काठाकाठाने उद्यानांकडे प्रयाण होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंस ओक वृक्षांनी कमान धरलेली असते. त्यांच्या फांद्यांवरून करड्या रंगाच्या लांब जटा लोंबत असतात. लोक त्यांना शेवाळ म्हणतात. परंतु ते शेवाळ नव्हे, आणि बांडगूळही नव्हे. ही फुले येणारी वनस्पती असून अननसाच्या कुळातील आहे. ती झाडाचा केवळ आधार घेते. अन्नपाणी हवेतून व पावसातून मिळविते.

पहिले उद्यान मॅग्नोलियाचे. ड्रेटन घराण्याने हा मळा १६७६ साली वसविला. मॅग्नोलिया हा वृक्ष आपल्या सोनचाफ्याचा जवळचा आप्त होय. या उद्यानात फुलझाडे सरळ रांगांत लावलेली नाहीत. वळणावळणाच्या वाटा, काळेशार पाणी, त्यावरचा पांढरा पूल आणि पाण्यात पडलेले अझेलियाच्या फुलांचे प्रतिबिंब, असा तेथला थाट आहे. गेल्या नव्हे, त्यामागच्या शतकात, १८४० नंतर, जॉन ड्रेटन या धर्मोपदेशकाने ही अझेलियाची लागवड वाढविली. या झुडपांचे मूळ आशियात असून ती युरोपमार्गे येथे आली. यादवी युद्धानंतर घराण्याजवळ पैसा उरला नाही, तेव्हा १८७० च्या सुमारास ड्रेटनने बाग लोकांस खुली केली. नदीतून आगबोटीने प्रवासी येऊ लागले व बाग तगली.

पण या कथेत आणखी एक माणूस आहे. ॲडम बेनेट हा त्या मळ्यावरचा गुलाम माळी. युद्ध संपल्यावर, दूरच्या डोंगराळ मुलखात राहिलेल्या ड्रेटनला बाग शाबूत असल्याची वार्ता देण्यासाठी तो शेकडो मैल पायी चालत गेला, असे सांगतात. मुक्त झाल्यावर तो बागेचा मुख्य माळी म्हणून राहिला व त्याच्या मुलांनीही बाग सांभाळली. मळ्यावरच्या गुलामांच्या काही झोपड्या आजही उभ्या आहेत. त्या दुरुस्त करून पाहुण्यांस दाखविल्या जातात.

दुसरे उद्यान मिडल्टन यांचे. हेन्री मिडल्टन याने १७४१ साली ते आखावयास घेतले. अमेरिकेतील आखीव उद्यानांत हे सर्वांत जुने समजले जाते. उंचवट्यावरून हिरवळीच्या पायऱ्या नदीकडे उतरत जातात आणि त्यांच्या तळाशी, फुलपाखराच्या पसरलेल्या पंखांसारखी दोन तळी आहेत. येथे कॅमेलियाची जुनी झुडपे आहेत. मिशो नावाच्या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७८६ साली त्यांतील पहिली झुडपे दिली, अशी आख्यायिका आहे. कॅमेलिया ही चहाच्या झुडपाची सख्खी बहीण होय. हेन्रीचा मुलगा आर्थर याने १७७६ साली स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही केली. सर्व माणसे समान आहेत, असे सांगणारा तो जाहीरनामा. आणि त्यावर सही करणाऱ्या या गृहस्थाच्या बागेतील हिरव्या पायऱ्या खणल्या होत्या गुलामांनी! सुमारे शंभर माणसे जवळजवळ दहा वर्षे येथे माती वाहत होती, असे सांगितले जाते. मुख्य वाडा १८६५ साली जाळला गेला; उरल्यासुरल्या भिंती १८८६ च्या भूकंपाने पाडल्या. मातीच्या पायऱ्या मात्र आहेत तशाच आहेत.

त्या आवारात, मुक्त झालेल्या कुटुंबांसाठी बांधलेले एक साधे लाकडी घर आहे. त्याच्या आत मिडल्टन घराण्याने बाळगलेल्या गुलामांच्या नावांची लांबच लांब यादी लावली आहे. जुन्या हिशेबवह्यांत गुरांच्या व अवजारांच्या शेजारी ही नावे लिहिलेली होती. अभ्यासकांनी ती एकेक करून निवडली. एकेकाळी मार्गदर्शक येथे केवळ मालकांच्या वैभवाच्या गोष्टी सांगत आणि गुलामांचा उल्लेख 'नोकर' म्हणून करीत. आता अनेकजण खरा शब्द उच्चारतात व ही यादी दाखवितात. गुलामांच्या वंशजांनी विचारलेले प्रश्न आणि इतिहासकारांचे परिश्रम यांमुळे हा बदल घडला. १९ जून २०१८ रोजी चार्ल्सटनच्या नगरपालिकेने गुलामगिरीतील शहराच्या सहभागाबद्दल जाहीर क्षमायाचना केली.

हे सर्व ऐकल्यावर कोणी म्हणेल, की मग फुलांकडे पाहावयाचेच कशाला? तसे नाही. फुले सुंदर आहेतच. ती मालकासाठी फुलत नव्हती आणि गुलामाचे दुःखही ती झाकीत नाहीत. ज्यांनी खड्डा खणला, रोप लावले व उन्हात पाणी घातले, त्यांचीच ती अधिक आहेत. म्हणून सौंदर्य पाहताना ते कोणाच्या हातांनी घडले हेही विचारावे. त्यामुळे सौंदर्य उणावत नाही. पाहणाऱ्याची दृष्टी मात्र मोठी होते.

सायंकाळी मेळा शहराकडे परततो. कोणाच्या हातात गवताची परडी असते, कोणी फुलांची छायाचित्रे पाहत असतो. आणि कोणाला आदल्या दिवशी हात लावून पाहिलेली ती वीट आठवते. दोन-अडीचशे वर्षांपूर्वी एका मुलाने ती वीट उन्हात उलटली होती. त्याचे नाव कोठेच लिहिलेले नाही. पण त्याच्या बोटांचा ठसा अजून त्या भिंतीत आहे.